मातीला जागा लागते

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. दोन घोट प्यायचे आणि उरलेलं सरळ फरशीवर ओतायचे. मग हात मागे बांधून, ते पाणी कुठं जातंय हे बघत उभे राहायचे. घरातलं कुणी फडकं घेऊन धावलं की म्हणायचे, "थांबा, पुसू नका. जाऊ द्या त्याला." पाणी एका दिशेनं निघालं की समाधानानं मान हलवायचे. जागच्या जागी साचलं तर चेहरा असा करायचे, जसं काही घरात कुणी आजारी आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवी फरशी बसवली तेव्हा सरांनी तिथंही पाणी ओतलं होतं. प्राचार्य फोनवर बोलत होते, त्यांनी बोलता बोलता नुसते पाय वर घेतले. इतक्या वर्षांच्या सहवासात माणसाला सवय होते.

मी कळवणकडची. घरी शेती. आमच्या भागातून शिल्पकला शिकायला नाशिकला जाणारी मुलगी म्हणजे लोकांच्या दृष्टीनं डोक्यावर थोडा परिणाम झालेलीच. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी माती हातात मिळेल, आठवड्याभरात निदान एखादं नाक तरी करता येईल. कसलं काय. सरांनी खराटा दिला. आम्ही वर्गातली गटारं साफ केली, गाळ बसायची टाकी उपसली, हौदातली माती बाहेर काढून, चाळून, भिजवून परत हौदात भरली. दक्षिणेकडच्या खिडक्यांच्या काचांना चुना फासला. चित्रकलेच्या मुलांची तोवर स्केचबुकं भरत आली होती. ती आम्हाला महापालिकेची माणसं म्हणायची, आणि आमच्या अवताराकडे बघून आम्हालाही ते पटायचं.

चुना कशाला, तर ऊन आत येऊ नये म्हणून. सर म्हणायचे, "ऊन फिरतं. सकाळी केलेलं नाक दुपारी दुसऱ्याच कुणाचं तरी दिसतं. उत्तरेचा उजेड दिवसभर एका जागी बसून राहतो. आपणही त्याच्यासमोर बसायचं." उत्तरेच्या खिडकीला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिच्या काचा स्वतः पुसायचे, वर्तमानपत्राच्या ओल्या कागदानं.

माती आणि प्लास्टर एका खोलीत आलेलं त्यांना खपायचं नाही. दोन खोल्या, मध्ये दार, दाराशी चपलांचे दोन जोड. प्लास्टरच्या खोलीतली चप्पल मातीच्या खोलीत आली की सर ती उचलून बाहेर अंगणात भिरकावायचे, मग ती कुणाचीही असो. प्लास्टरचा एवढासा खडा मातीत गेला तर शिल्प भट्टीत फुटतं, हे खरं. पण एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांची चप्पल गेली, आणि ते बिचारे एका पायावर उभे राहून मार्क देत होते, हेही खरं.

आमच्या वर्गात येवल्याचा एक मुलगा होता. घरी पैठणीचे माग, हात सोन्याचा, पण स्वभाव भारी घाईचा. त्यानं एकदा प्लास्टर कालवलेलं घमेलं सरळ बेसिनमध्ये धुतलं. प्लास्टर पाण्यातसुद्धा घट्ट होतं. ते पाइपाच्या बाकात जाऊन बसलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजभर पाणीच पाणी. प्लंबर आला, त्यानं पाइप कापला. आम्हाला वाटलं, आता याचं काही खरं नाही. सरांनी तो कापलेला तुकडा मागून घेतला, वरचं प्लास्टिक हळूहळू सोललं आणि आतलं प्लास्टर अख्खं बाहेर काढलं. गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही. वार्षिक प्रदर्शनात ते काळ्या स्टँडवर मांडलं गेलं. खाली पाटी: शीर्षक 'घाई', माध्यम प्लास्टर, पुढे येवलेकराचं पूर्ण नाव. प्रमुख पाहुणे त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि भाषणात त्याचा खास उल्लेख केला. येवलेकर आजही भेटला की सांगतो, आजवर सगळ्यात जास्त कौतुक झालेलं माझं काम तेच.

सरांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे मागे सरायची जागा. कामापासून उलट्या पावलांनी मागे जायचं, पाठ भिंतीला टेकेपर्यंत, तिथून बघायचं, परत पुढे यायचं. दर थोड्या वेळानं हे करायचंच. "जवळ उभं राहून नाक बरोबर होतं," ते म्हणायचे, "माणूस बरोबर होत नाही." त्यामुळे आमचा अर्धा हॉल कायम मोकळा असायचा. तो मोकळा अर्धा हॉल संस्थेच्या डोळ्यांत खुपत होता. तिथं पार्टिशन टाकून कॉम्प्युटर बसवायचं ठरलं आणि मंडळी पाहणीला आली. सरांनी आम्हाला काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "चला, कामं बघा." आम्ही सगळी उलट्या पावलांनी मागे निघालो. पाहणीची मंडळी आमच्या पाठीमागे होती. ती सरकत सरकत भिंतीला लागली, मग दारातून बाहेर गेली. त्यातले एकजण म्हणाले, "सर, ही जागा तर रिकामीच पडलीय की." सर म्हणाले, "रिकामी कुठं? तुम्हाला उभं राहायला मिळालं का?" पार्टिशन झालं नाही.

हसू येतं, नाही? आम्हीही हसायचो. पण शेवटच्या वर्षी एका दुपारी मी काम करत होते आणि सर स्टुलावर बसून माझ्याकडे न बघता बोलायला लागले. माझ्या आधीच्या मुलींबद्दल. एकीला राज्याचं बक्षीस मिळालं होतं. एकीचं काम सरांच्या मते त्यांच्या स्वतःच्या कामापेक्षा उजवं होतं. दोघींनीही लग्नानंतर मातीला हात लावला नव्हता.

"घरचे नको म्हणाले असतील," मी म्हटलं.

"कुणी नको म्हणत नाही गं. तोच तर घोटाळा आहे. सगळे म्हणतात, कर की, घरातच तर करायचंय. मग माती जाते गच्चीवर. गच्चीवर ती वाळते. वाळली की पोत्यात जाते. पोतं जिन्याखाली जातं. भांडण झालं असतं तर त्या भांडल्या असत्या. भांडायला कुणी समोरच नसतं."

मी तेव्हा फार काही मनावर घेतलं नाही. माझं मन दुसरीकडे होतं. ओझरचं स्थळ आलं होतं. मुलगा विमानाच्या कारखान्यात, वडील तिथूनच निवृत्त झालेले, स्वतःचं घर. मुलगा मला आवडला होता. अगदी स्पष्ट सांगायचं तर फार आवडला होता. आता आमच्याकडून घर बघायला जायचं होतं. मी सरांना सहज सांगितलं, तर म्हणाले, "मीही येतो. मुलगा कसा आहे ते तुझे वडील बघतील. मी जागा बघतो. आणि तूही चल. जिला काम करायचंय तिनं बघायला नको?"

आमच्या आप्पांना हे अजिबात पटलं नव्हतं. पण मास्तर माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसले. आप्पा, मामा, मी आणि सर असे चौघं ओझरला गेलो. स्वच्छ घर होतं, पुढे पोर्च, मागे बरीच मोकळी जागा. नमस्कार झाले, पाणी आलं. मी सरांकडे बघून डोळे मोठे केले. सरांनी दोन घोट घेतले आणि उरलेलं हॉलच्या मधोमध ओतलं.

माझे होणारे सासरे खुर्चीतून अर्धे उठले. मामांनी खिशातून रुमाल काढला. सर म्हणाले, "थांबा, पुसू नका." पाणी हळूहळू निघालं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. तिथं पोह्यांचा ट्रे घेऊन सासूबाई उभ्या होत्या. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. सर म्हणाले, "उतार उलटा आहे. इथं रोज पाणी साचत असणार. कुणीतरी घसरेल."

"घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय," सासरे म्हणाले. आवाज कडक झाला होता.

"उभ्यानं दिसत नाही," सर म्हणाले. "बसून बघावं लागतं."

त्यानंतर सरांनी पगार, गुंठे, देणं-घेणं यातलं काही विचारलं नाही. हिला कामाला जागा कुठली, हे विचारलं. सासरे म्हणाले, एवढं मोठं घर आहे, कुठंही करू दे की. सर म्हणाले, "कुठंही म्हणजे कुठंच नाही." मागच्या जागेचं काय करणार, हे विचारलं. तिथं दोन खोल्या काढून भाडेकरू ठेवायचा बेत होता. सरांनी मान हलवली आणि सांगायला सुरुवात केली. उत्तरेला मोठी खिडकी हवी. छत उंच हवं. कोबा असा हवा की ओली माती आपटली तर तडकणार नाही. वर लोखंडी आडवी तुळई हवी, जड वस्तू साखळीनं उचलायला. पाण्याचा नळ हवा, आणि पाणी गटारात जायच्या आधी गाळ बसायची टाकी. प्लास्टरला वेगळी खोली. आणि मागे सरायला जागा. ती दाखवायला ते उठून उलट्या पावलांनी निघाले आणि शोकेसला जाऊन धडकले. आतले कप किणकिणले. नवऱ्या मुलानं खाली मान घालून हसू दाबलं, ते फक्त मला दिसलं.

 परतीच्या वाटेवर गाडीत आप्पा म्हणाले, "सर, तुम्ही सोयरीक जुळवाया आलते का मोडाया? पोरगी माझी हाय का तुमची?"

"तुमचीच," सर म्हणाले. "पण काम करते ती माझी."

"काम काम काय लावलंय? आधी तिचा संसार तर मांडू द्या."

सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एकदा मांडला की मग जागा उरत नाही हो."

ओझरहून निरोप आला नाही. आठवडे गेले. सुट्टीला कळवणला घरी गेले की आई माझ्याशी धड बोलायची नाही, आप्पा जेवताना सरांचा उद्धार करायचे. आणि मी? मी सरांवर भयंकर चिडले होते. त्यांना काय, पाणी ओतून मोकळे. मी वर्गात जायचे, काम करायचे, त्यांच्याशी एक शब्द बोलायचे नाही. त्यांनीही समजूत घातली नाही, माफी मागितली नाही. माझ्या कामावरचं गोणपाट वाळलं की ते ओलं करून ठेवायचे, इतकंच.

मग फोन आला. सासऱ्यांचा नाही, सासूबाईंचा. आप्पांना म्हणाल्या, "तुमच्या त्या पाणीवाल्या सरांना घेऊन परत या. मागची जागा दाखवायची आहे."

झालं होतं असं, की घर बांधल्यापासून त्या नवऱ्याला सांगत होत्या, हॉल पुसला की पाणी माझ्या उंबऱ्याशी येतं. एकदा तिथंच पडून त्यांचा हातही मुरगळला होता. सासरे म्हणायचे, तुझा भास आहे, मी लेव्हल लावून फरशी बसवलीय. त्या दिवशी सगळ्यांसमोर पाणी त्यांच्या पायाशी येऊन थांबलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी मुलाला आणि नवऱ्याला बसवून सांगितलं, "या घरात आल्यापासून माझं कुणीतरी पहिल्यांदा खरं केलंय. तो माणूस जे जे म्हणाला ते मागे बांधायचं. भाडेकरू नंतर बघू." सासऱ्यांनी बरेच दिवस अबोला धरला. मग मुलगा एका रविवारी कॉलेजात आला, सरांबरोबर दुपारभर आमच्या हॉलमध्ये फिरला, तुळईला लोंबकळून बघितलं, गटाराची झाकणं उचलून बघितली, आणि घरी जाऊन बापाला म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. कारखान्यात मशीन घ्यायच्या आधी फाउंडेशन करतात, हे तुम्हीच मला शिकवलंय ना?

लग्नाच्या आधी शेड उभी राहिली. सासऱ्यांनी या खेपेला उतार बसून बघितला. साखळीची कप्पी त्यांनी स्वतः बसवली आणि तिला तेल घालायचं काम आजही कुणाला देत नाहीत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सरांची ओळख मला खरी झाली ती नंतर.

मुलगी झाली. बाळंतपण कळवणला, मग ओझरला परत. मी रात्रीची जागी, दिवसाची पेंगलेली. शेडकडे जायचं राहूनच गेलं. उन्हाळा संपला तेव्हा कूलर तिथं गेला, तात्पुरता. मग जास्तीच्या गाद्या. मग सासऱ्यांच्या भावाकडचा कांदा आला, तो पसरायला कोरडी जागा हवी, तो तिथं गेला. नवऱ्याची जुनी सायकल गेली. हौदातली माती वाळून तिला भेगा पडल्या. कुणी नको म्हणालं नव्हतं. सासूबाई तर रोज म्हणायच्या, कर ना गं सुरू, बाळाला मी बघते. मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. मला वाईटही वाटेनासं झालं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला सर आले. नुकतेच निवृत्त झाले होते. मुलीच्या हातात खाऊ दिला, आणि मागे शेडकडे गेले. दारातच थांबले, कारण आत जायला वाट नव्हती. मी त्यांच्या मागे उभी होते. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते वळून घरात आले. जेवले, जिलेबी मागून घेतली आणि गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी दारात सर. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटीनं आलेले, हातात डबा, पिशवीत जुना ॲप्रन. सासूबाईंना म्हणाले, "मी मागे बसतो. माझ्यासाठी काही करू नका." कूलर ओढत बाहेर आणला. कांदा पोत्यात भरला. सासऱ्यांना सायकल उचलायला लावली. दुपारी हौदात पाणी सोडलं आणि संध्याकाळच्या बसनं गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. मुलीला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. माती मळल्याचा धप धप आवाज घरभर यायचा. मला हाक म्हणून कधी मारली नाही त्यांनी.

एकदा मी चहा घेऊन गेले. त्यांनी एक डोकं केलं होतं. खरं सांगायचं तर सरांचा हात साधाच होता, हे मला तोवर कळायला लागलं होतं. संध्याकाळी निघताना त्यांनी ते डोकं मोडलं आणि माती हौदात टाकली. रोज तसंच करायचे म्हणे. मी म्हटलं, "सर, ठेवत का नाही?"

"ठेवलं तर जागा माझी होईल. मी फक्त धरून बसलोय. एसटीत रुमाल टाकतात ना, तसं." मग ॲप्रन काढत म्हणाले, "जागा वापरात असली की कुणी कूलर आणून ठेवत नाही. माणसं वाईट नसतात गं, रिकामं दिसलं की ठेवतात."

मी खाली बघत चहाचा कप उचलला आणि घरात आले. रात्री नवऱ्याला हे सगळं सांगितलं. या वयाचा माणूस, दोन तास बसमध्ये घालवतो, माझी माती ओली ठेवायला. माझ्यासाठी एवढं कुणी कशाला करावं? मला एवढं कुणी समजलं होतं कधी?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. मी ओढणी कमरेला बांधली आणि शेडमध्ये गेले. सर स्टँडजवळ होते. मला बघून बाजूला झाले. मी तारेचा सांगाडा वळला, माती चढवायला घेतली. बोटं पार विसरली होती, मातीचे गोळे निसटून खाली पडत होते. सर हौदापाशी बसून मला माती मळून देत राहिले. अंधार पडायला लागला तसे उठले, हात धुतले, ॲप्रनची घडी घालून पिशवीत ठेवली आणि बसला गेले. मी केलेल्या कामाकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. सासूबाईंनी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा गार झाला. बसच्या वेळेला मी दोनदा दारात जाऊन आले. शेवटी फोन केला. म्हटलं, "सर, बरं नाही का?"

"उत्तम आहे."

"मग आला नाहीत?"

"तू बसलीस ना तिथं?" सर म्हणाले. "मग मी कुठं बसू?"

फोन ठेवला आणि शेडमध्ये खाली बसून मी ढसाढसा रडले. सासूबाई मुलीला घेऊन धावत आल्या. काय झालं, काय झालं? म्हटलं, "आई, सर आता यायचे नाहीत."

त्यांनी स्टँडकडे बघितलं, माझ्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं. "बरं मग," म्हणाल्या, "वाळतंय ते. लाग कामाला."